सांकवाळ ते सेवाग्राम : धर्मानंद कोसंबी यांचा शरणमार्ग

आपल्या सारस्वत ज्ञातीत जन्मास येऊन विद्या, व्यापार अथवा लोकसेवा या क्षेत्रांत ज्यांनी नाव मिळविले, त्यांची चरित्रे वार्षिक स्मरणिकेत छापण्याचा प्रघात जुना आहे. सभागृहाच्या भिंतीवर ज्यांच्या तसबिरी आहेत अशा पुष्कळ थोर व्यक्तींचा परिचय सभासद कुटुंबांना या निमित्ताने होत आला आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव या मालिकेत यावे हे उचितच होय. तथापि त्यांच्याविषयी लिहावयास बसलो असता आमच्या मनात एक संकोच उभा राहतो, आणि तो आरंभीच सांगून टाकणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटते. ज्या पुरुषाने घर सोडले, गाव सोडला, कुळाचार सोडला, समुद्र ओलांडला, आणि ज्या धर्माच्या संघात ज्ञातीला स्थान नाही अशा धर्माला जो शरण गेला, त्याला 'आपला' म्हणण्याचा अधिकार एखाद्या ज्ञातिसंस्थेस कितपत पोहोचतो? या प्रश्नाकडे आम्ही लेखाच्या शेवटी वळू. तत्पूर्वी ते कोणत्या दुःखातून निघाले, त्यांना कोणता आश्रय सापडला, त्या आश्रयाचे मोल कोणी दिले आणि तो आश्रय त्यांना पुढे कोठे घेऊन गेला, हे पाहणे अवश्य आहे.

गाव आणि घर

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. जुवारीच्या काठचा हा गाव आपल्यापैकी अनेक कुटुंबांना कुलदैवताच्या नात्याने परिचित आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवालये पाडण्यास आरंभ केला, तेव्हा सांकवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह वेलिंगला नेण्यात आला आणि श्रीविजयादुर्गा केरीस गेली. ज्या गावच्या देवांनाही एके काळी आश्रय शोधीत रात्रीबेरात्री बाहेर पडावे लागले, त्याच गावातून सुमारे तीनशे वर्षांनी एक तरुण आश्रयाच्या शोधात निघाला. देवांना शत्रूचे भय होते. या तरुणाला बाहेरचा शत्रू कोणी नव्हता. त्याचे दुःख घरात होते आणि त्याहीपेक्षा अधिक ते त्याच्या मनात होते.

त्यांचे शालेय शिक्षण अगदीच तुटपुंजे होते. पोर्तुगीज राज्यातील खेड्यात मराठी शिकण्याची सोय ती काय असणार! माडांची बागाईत सांभाळावी, घरचा व्यवहार पाहावा, आणि हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचावे, अशा रीतीने त्यांचे तारुण्य चालले होते. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. बाहेरून पाहणाऱ्यास या संसारात काही विशेष उणे दिसले नसते. परंतु त्यांनी पुढे 'निवेदन' या आत्मचरित्रात आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीचे जे वर्णन केले आहे, ते वाचणाऱ्यास कळून येते की उदासीनतेने त्यांना पुरते ग्रासले होते. विद्येची तहान होती पण विद्या मिळण्याचा मार्ग नव्हता. संसाराची जबाबदारी होती पण तीत मन रमत नव्हते. घराबाहेर पडण्याचे त्यांचे प्रयत्नही झाले आणि फसले. आपल्या घराघरांतून अशी मुले आजही आढळतात. त्यांना आळशी म्हणून बोल लावला जातो, त्यांच्या मनातील अंधाराची विचारपूस मात्र क्वचितच होते.

अशा अवस्थेत 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. हे मासिक ख्रिस्ती मिशनचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोव्याच्या एका हिंदू तरुणाला ख्रिस्ती मंडळींच्या बालमासिकातून बुद्धाची पहिली ओळख व्हावी, यावरून त्या काळी आपल्या देशात बुद्धाचे विस्मरण किती पूर्ण झाले होते हे दिसते. वास्तविक गोमंतकाच्या भूमीत बौद्ध धर्माच्या खुणा नव्हत्या असे नाही. १९३० साली फादर हेरास यांना कोलवाळच्या परिसरात प्राचीन बुद्धमूर्ती सापडली. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या मूर्ती मातीखाली होत्या आणि बुद्धाचे नाव दशावतारांच्या यादीपुरते उरले होते.

त्या लहानशा चरित्रात असे काय होते? आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर बुद्धाच्या उपदेशाच्या रचनेतच आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्या कारणाचा निरोध होऊ शकतो, आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे, अशी चार आर्यसत्ये बुद्धाने सांगितली. जुन्या टीकाकारांनी याला वैद्यकाची उपमा दिली आहे: रोग, रोगाचे निदान, आरोग्य आणि औषध. दुःखी माणसाला बहुतेक उपदेशक प्रथम सांगतात की तुझे दुःख हे पूर्वकर्माचे फळ आहे, किंवा ती देवाची इच्छा आहे, किंवा मुळात ते दुःखच नव्हे. बुद्ध त्याला प्रथम सांगतो की तुझे दुःख खरे आहे. आपले दुःख कोणी खरे मानले, एवढ्यानेच रोग्याला अर्धे बळ येते. उरलेले अर्धे बळ मार्गावर चालल्याने येते. तो मार्ग शोधण्याचा निश्चय धर्मानंदांनी केला, आणि १८९९ साली, कन्या माणिक तान्ही असताना, त्यांनी घर सोडले.

मार्गाचा शोध

पुढील तीन वर्षांची हकिगत एखाद्या जुन्या यात्रेकरूच्या वृत्तांतासारखी आहे. प्रथम ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे त्यांना साहाय्य झाले. बौद्ध धर्म जाणावयाचा तर आधी संस्कृत आले पाहिजे, म्हणून ग्वाल्हेरच्या वाटेने ते काशीस गेले. पदरी पैसा नाही, ओळख नाही, अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांपाशी पाठ घ्यावा, असा त्यांचा काशीतील क्रम होता. १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाचे जन्मस्थान त्या बाजूस, तेव्हा बुद्धाचा धर्मही तेथे जिवंत असेल ही त्यांची अपेक्षा होती. परंतु तेथील धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. तेथून बुद्धगया, तेथून कलकत्ता, आणि अखेर समुद्र ओलांडून सिंहलद्वीप, असा त्यांचा प्रवास झाला.

कोलंबो येथील विद्योदय परिवेण ही विद्यापीठवजा संस्था १८७३ साली स्थापन झालेली होती आणि महास्थविर सुमंगल हे तिचे प्रमुख होते. त्यांच्यापाशी १९०२ साली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली भाषेचे अध्ययन आरंभिले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले आणि तेथील विहारांत राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. मध्यंतरी हिंदुस्थानात परतून बुद्धगया, राजगृह, कुशिनारा अशा स्थळांची यात्रा त्यांनी केली. त्या काळी समुद्रगमन हे धर्मबाह्य मानले जात असे आणि परदेशगमन करणाऱ्यांना पंक्तीस घ्यावे की न घ्यावे यावरून आपल्या ज्ञातीतही कडाक्याचे वाद झाले होते, याची आठवण वाचकांनी ठेवावी. धर्मानंदांनी त्या वादात भाग घेतला नाही. ते वादाच्या पलीकडच्या किनाऱ्याला जाऊन पोहोचले होते.

शरण म्हणजे काय

येथे 'शरण' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. आपल्या भक्तिपरंपरेत शरण जाणे म्हणजे देवाच्या पायी भार टाकणे. त्या अर्थाला स्वतःची थोरवी आहे आणि तीविषयी आमच्या मनात आदरच आहे. बौद्ध परंपरेत बुद्ध, धर्म आणि संघ या तिघांना शरण जावयाचे असते. पण त्यांपैकी कोणीही शरण आलेल्याचे दुःख स्वतः उचलून घेत नाही. बुद्ध हा वाट दाखविणारा, धर्म ही वाट, आणि संघ हे वाटेवरचे सोबती. चालावयाचे ज्याचे त्यालाच आहे. म्हणूनच त्रिशरणाच्या पाठोपाठ पंचशील येते. प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचे पाच नियम पाळण्याचा संकल्प करावयाचा, आणि मग आश्रयाचा लाभ पाहावयाचा.

या मार्गाची सर्वांत विस्तृत मांडणी पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहलद्वीपात लिहिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात आहे, आणि धर्मानंदांच्या विद्याव्यासंगाचा तो मुख्य ग्रंथ होय. शील, समाधी आणि प्रज्ञा असे त्याचे तीन भाग आहेत. शील म्हणजे आचरण नीट करणे, समाधी म्हणजे चित्त स्थिर करणे, प्रज्ञा म्हणजे वस्तूचे अनित्य स्वरूप जसे आहे तसे पाहणे. चित्त स्थिर करण्यासाठी त्यात चाळीस कर्मस्थाने, अर्थात ध्यानाचे चाळीस विषय, सांगितलेले आहेत. कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता विषय मानवेल याचाही विचार तेथे आहे. कामविकार ज्याला छळतो त्याला एक, क्रोधी माणसाला दुसरा, ज्याचे चित्त सदा भटकते त्याला श्वासोच्छ्वासाकडे लक्ष ठेवण्याचा तिसरा. एकच काढा सर्व रोग्यांना पाजण्याचा हा प्रकार नव्हे.

त्यांतील मैत्रीभावनेचा क्रम आम्हांस विशेष मननीय वाटतो. साधकाने प्रथम स्वतःविषयी सुखाची इच्छा धरावयाची. नंतर ज्याच्याविषयी आदर आहे अशा गुरुजनाविषयी, मग प्रिय मित्राविषयी, मग ज्याच्याशी आपले देणेघेणे नाही अशा उदासीन माणसाविषयी, आणि सर्वांच्या शेवटी वैऱ्याविषयी. अशा रीतीने मर्यादा एक एक करून मोडीत जावे, आणि अखेरीस स्वतः, मित्र, तटस्थ आणि वैरी या चौघांत चित्ताला भेद दिसू नये, अशी ही साधना आहे. घर, कूळ, ज्ञाती ही वर्तुळे या क्रमात कोठे बसतात? ती वाटेवरचे मुक्काम म्हणून बसतात. तेथेच मुक्काम ठोकून राहणाऱ्याची साधना अपुरी राहिली असे म्हणावे लागते. मराठी वाचकांना ही ध्यानपद्धती सुगम व्हावी म्हणून धर्मानंदांनी १९२५ साली 'समाधिमार्ग' हे पुस्तक लिहिले. शंभर वर्षे होऊन गेली तरी गृहस्थाश्रमी माणसाने उघडून पाहावे असे ते पुस्तक आहे.

मोल कोणी दिले

आता ज्या विषयाला थोर पुरुषांच्या चरित्रकारांकडून बहुधा बगल दिली जाते, त्याकडे वळू. धर्मानंदांना दुःखातून वाट सापडली, ती सांकवाळच्या घरी तान्ह्या मुलीला घेऊन बसलेल्या बाळाबाईंना सोडून. एकाचा आश्रय हा दुसऱ्याच्या निराश्रयावर उभा राहतो की काय, असा प्रश्न येथे कोणत्याही सहृदय वाचकाच्या मनात येईल. आमच्या आयाबहिणी हा लेख वाचतील तेव्हा त्यांच्या मनात तो सर्वांच्या आधी येईल. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा ऐकताना यशोधरेची आठवण ज्यांना होते, त्यांना बाळाबाईंची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सुमारे सात वर्षे पती परदेशी, गावात लोकांची बोलणी, आणि परत येईल की नाही याची शाश्वती नाही. हे दुःख कोणत्याही ग्रंथात लिहिले गेलेले नाही, पण ते घडलेले आहे.

याचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९०६ साली धर्मानंदांनी भिक्षूची चीवरे उतरविली. आपल्या लोकांत राहून आपल्या लोकांना हा धर्म समजावून द्यावयाचा तर पुन्हा गृहस्थ झाले पाहिजे, असा त्यांनी निर्णय केला. ते घरी परतले आणि त्यांनी बाळाबाईंसह पुन्हा संसार उभारला. पुत्र दामोदर १९०७ साली जन्मला. तोच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि १९६६ साली निधन पावला. ज्या मुलीला तान्हेपणी सोडून ते गेले होते, त्या माणिकला १९१८ साली त्यांनी दामोदरसह अमेरिकेस नेले आणि तेथे उच्च शिक्षण दिले. आपल्या समाजात मुलींना माध्यमिक शाळेत धाडण्याविषयी ज्या काळी खल चालत असे, त्या काळची ही गोष्ट आहे. तथापि त्या वर्षांतही बाळाबाई इकडेच राहिल्या. ज्ञातीच्या इतिहासात ज्या दिवशी धर्मानंदांचे नाव लिहिले जाईल, त्या दिवशी त्याच ओळीत बाळाबाईंचेही लिहिले जावे, एवढे आम्ही सुचवितो.

परतीचा प्रवास

शरण मिळालेल्या माणसाने नंतर काय करावे? स्वतःच्या शांतीत बसून राहावे असे धर्मानंदांना वाटले नाही. कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम त्यांना मिळाले होते आणि तेथील विद्यापीठाकडून मासिक २५० रुपये वेतन मिळण्याचा योग होता. परंतु महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक पुस्तक लिहावे, या बोलीवर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी मासिक ५० रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी ते ५० रुपये पत्करले. व्यापारी बुद्धीच्या वाचकांना हा हिशेब आतबट्ट्याचा वाटेल. आमच्या भाषेच्या दृष्टीने मात्र त्यात नफाच झाला. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. 'बुद्धलीलासारसंग्रह' १९१४ साली, 'बौद्धसंघाचा परिचय' १९२६ साली, आणि 'भगवान बुद्ध' हा त्यांचा परिपक्व ग्रंथ १९४० नंतरच्या वर्षांत बाहेर पडला. बुद्धाचे वचन मूळ पालीतून थेट मराठीत आणण्याचे काम एवढ्या पद्धतशीरपणे त्यांच्यापूर्वी कोणी केले नव्हते.

१९१० साली ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन या पंडिताने 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम हाती घेतले होते. १८९९ साली वॉरन निवर्तला आणि ते अपुरे राहिले होते. प्रा. लॅनमन यांच्या निमंत्रणावरून ते पुरे करण्याचे काम धर्मानंदांकडे आले. त्यासाठी त्यांना चार वेळा अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या. संपादनाच्या श्रेयासंबंधी उद्भवलेल्या मतभेदांमुळे ग्रंथाचे प्रकाशन लांबत गेले, आणि हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, प्रकाशित झाली. तत्पूर्वी १९४० साली त्यांनी देवनागरी लिपीतील स्वतंत्र आवृत्ती मुंबईत काढली होती. क्रोध आणि तृष्णा यांवर ज्या ग्रंथात इतके विवेचन आहे, त्याच ग्रंथाने संपादकाच्या धीराची अशी परीक्षा घ्यावी, हा एक योगायोगच म्हणावयाचा.

१९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्गसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. डॉ. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९२२ पासून काही वर्षे महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात आणि १९२९ साली रशियातील लेनिनग्राड येथे त्यांनी विद्यादान केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि त्यांनी कारावास भोगला. चित्तशांतीच्या शोधात जो घराबाहेर पडला होता, तो शेवटी मिठागरावर आणि तुरुंगात जाऊन पोहोचला. आणि आमच्या मते तो मार्ग चुकला नव्हता, कारण मैत्रीभावनेची वाट अखेर लोकांच्या दुःखापाशीच जाते.

या वाटेवरचा महत्त्वाचा मुक्काम म्हणजे परळचा बहुजन विहार. शेठ जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून मुंबईच्या या गिरणकामगारांच्या वस्तीत १९३७ साली तो उभा राहिला, आणि हार्वर्डहून आलेले हे आचार्य कामगार व अस्पृश्य मानलेल्या लोकांत राहून धर्म सांगू लागले. तेथे त्यांचे वास्तव्य थोडीच वर्षे झाले. पण ज्या शहरात आपल्या ज्ञातीच्या वाड्या आणि वसतिगृहे उभी राहत होती, त्याच शहरात आपल्यातून निघालेला एक पुरुष ज्ञातीची पाटी नसलेले घर बांधून बसला होता, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली पाहिजे.

अखेरच्या वर्षांत दुर्धर व्याधीने त्यांना जर्जर केले. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्या मनावर मोठा प्रभाव पडला होता, आणि जैन परंपरेतील सल्लेखनेप्रमाणे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी सेवाग्राम येथे देह ठेवला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांना आदरांजली वाहिली. त्यांचा हा शेवटचा निर्णय अनुकरणासाठी आम्ही वाचकांपुढे ठेवीत नाही; बुद्धाच्या शिकवणीत देहत्यागाला तसा आदेश नाही. आयुष्याची ७० वर्षे ज्या वाटेने ते चालले, ती वाट आम्हांस अधिक मोलाची वाटते.

दुसरे शरण, आणि आमचा प्रश्न

धर्मानंदांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील घेतले, आणि स्वतः आपल्या लाखो अनुयायांना ते देऊन बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. एकटा माणूस सांकवाळहून निघून ज्या शरणापाशी समुद्रापार पोहोचला होता, तेथे एक संपूर्ण समाज एका मैदानात पोहोचला. दोघांच्या दुःखात मात्र अंतर होते, आणि ते लपवून चालणार नाही. धर्मानंदांचे दुःख मनाचे होते. त्यांना पाणवठ्यावरून कोणी हाकलले नव्हते की देवळाच्या दारात अडविले नव्हते. नागपूरच्या मैदानावर जमलेल्या लोकांचे दुःख माणसांनी माणसांना दिलेले होते, आणि ते देणाऱ्यांत आपल्यासारख्या उच्च म्हणविणाऱ्या ज्ञातींचाही वाटा होता. हे वाक्य लिहिताना आम्हांस कष्ट होतात. परंतु दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे मान्य केल्यावाचून ज्याला पुढचे पाऊल टाकता येत नाही, अशा धर्माविषयीच्या लेखात कारण दडविणे शोभणार नाही.

विनयपिटकात एक कथा आहे. अनिरुद्ध, आनंद आदी शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले, तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा त्यांचा न्हावी होता. त्या कुमारांनी बुद्धाला विनंती केली की आम्हां शाक्यांना कुळाचा फार अभिमान आहे. सबब या उपालीला आमच्या आधी दीक्षा द्यावी, म्हणजे तो ज्येष्ठ ठरेल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा अभिमान गळेल. त्याप्रमाणे झाले. हाच उपाली पुढे संघात विनयाचा सर्वश्रेष्ठ ज्ञाता ठरला. यात मनोज्ञ गोष्ट ही की अभिमान सोडण्याची सूचना बुद्धाने केली नाही, न्हाव्याने मागितली नाही. ती अभिमानी कुळातील मुलांनी स्वतः होऊन केली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. धर्मानंदांना आपण 'आपले' म्हणावे काय? आमचे नम्र मत असे आहे की जन्माच्या नात्याने म्हणण्यास काही हरकत नाही. पण ज्या नात्याने ते स्वतःला ओळखीत होते, ते नाते जन्माचे नव्हते. ते हवे असेल तर केवळ तसबीर लावून भागणार नाही. प्रत्येक सभासद कुटुंबाने त्यांचे निदान एक पुस्तक घरी आणून वाचावे. घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी उदास, अबोल होऊन बसली असेल, तर बोल लावण्याआधी तिच्या दुःखाची चौकशी करावी. आणि संस्थेने, जिच्या शिष्यवृत्त्या आजवर ज्ञातीतील मुलांपुरत्याच राखून ठेवलेल्या आहेत, पाली भाषेच्या अध्ययनासाठी एक शिष्यवृत्ती धर्मानंदांच्या व बाळाबाईंच्या नावे ठेवावी. अर्जात ज्ञातीचा रकाना नसावा. धर्मानंदांच्या निधनानंतर गांधीजींच्या मनातही हेच आले होते, की पाली शिकण्यासाठी विद्यार्थी सिंहलद्वीपात धाडावेत.

ही सूचना कार्यकारी मंडळापुढे रीतसर ठेवली जावी अशी आमची इच्छा आहे. काही ज्येष्ठ सभासदांना ती रुचणार नाही हे आम्ही जाणतो. निधी ज्ञातीचा, तेव्हा लाभही ज्ञातीचा, हे त्यांचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक आहे. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की निर्णय करण्यापूर्वी एकदा सांकवाळला जावे, नदीकाठी उभे राहावे, आणि या गावाहून आश्रयासाठी निघालेल्या आपल्या देवांना परक्या गावच्या लोकांनी जागा दिली होती, हे आठवावे.